सोसायटीच्या निवेदनावर सही करू का? (विषय: इंटरनेटवर सरकारी सक्तीची गाळणी)

इंदिरानगरची_आई

रविवारी आमच्या सोसायटीची पार्किंगमध्ये मीटिंग झाली. विषय तीन: पाण्याची टाकी, बी विंगची लिफ्ट आणि 'मुलांसाठी सुरक्षित इंटरनेट'. पहिल्या दोन विषयांवर नेहमीप्रमाणे भांडणं झाली, ठरलं काहीच नाही. तिसऱ्यावर दहा मिनिटांत एकमत! सेक्रेटरी निवेदन टाइप करूनच आले होते. मागणी अशी की सरकारने प्रत्येक जोडणीवर, कंपनीच्या पातळीवरच सक्तीची गाळणी बसवावी, म्हणजे "अश्लील व समाजविघातक मजकूर" घरात येणारच नाही. आमदारांना द्यायचंय. सव्वीस सह्या झाल्या. मी म्हटलं, उद्या करते.

खरं तर मीच पहिली सही करायला हवी होती. लेक सहावीत आहे. मागच्या महिन्यात ज्वालामुखीच्या प्रोजेक्टसाठी टॅब घेऊन बसला होता. दूध द्यायला गेले तर त्याने टॅब झटकन उशीखाली सरकवला. चेहरा असा पडला होता की मला रागवायचंही सुचेना. त्याने काही शोधलं नव्हतं, चित्राशेजारच्या जाहिरातीवर बोट पडलं आणि पुढचं पुढे उघडत गेलं. दोन दिवस तो माझ्या नजरेला नजर देत नव्हता.

पण घरात बाबा आहेत. नाशिकरोडच्या नोटांच्या छापखान्यातून रिटायर झालेले, आणीबाणी पाहिलेले. त्यांनी निवेदन वाचलं, चष्मा काढला आणि विचारलं, "अश्लील समजलं. समाजविघातक कोण ठरवणार?" तेव्हापासून कागद फ्रिजवर चुंबकाखाली लटकलाय.

सही करू का? कृपया राजकारण नको, अनुभव सांगा.

तर्री_वेगळी

पहिला! आधी लिफ्ट गाळा, मग इंटरनेट.

गोदाकाठ

सही करा, बिनधास्त करा.

नळाला पाणी येतं त्यात पालिका क्लोरीन टाकते. तिथे कोणी म्हणतं का की माझं पाणी मी उकळून पिईन, तुम्ही माझ्या स्वातंत्र्यात ढवळाढवळ करू नका? ज्याच्या घरी फिल्टर आहे त्याला फरक पडत नाही. ज्याच्या घरी नाही त्याच्यासाठी ते क्लोरीन असतं.

आता इथे लोक येतील आणि सांगतील, राउटरमध्ये जा, सेटिंग बदला, मुलांशी संवाद साधा. माझ्याकडे कामाला येणाऱ्या ताई अंबडहून सकाळी साडेसहाला निघतात. घरात फोन एकच, तो दिवसभर मुलीकडे. राउटर नाही, सेटिंग कळत नाही, संवाद साधायला रात्रीचे नऊ वाजतात. संवादवाल्यांनी त्यांच्याकरता काय योजलंय ते सांगावं.

निव्वळ_वाचक

गोदाकाठ +१. 'पालकांची जबाबदारी' म्हणणाऱ्यांच्या घरी बहुधा पालक घरी असतात.

काळा_कोट

भावना बाजूला ठेवून कायदा काय आहे ते बघू. निवेदन लिहिणाऱ्यांना तो ठाऊक दिसत नाही.

साइट बंद करायचा सरकारचा मुख्य अधिकार माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९अ मध्ये आहे. त्यातली कारणं मोजकी आहेत: देशाचं सार्वभौमत्व व अखंडता, संरक्षण, राज्याची सुरक्षा, परराष्ट्रांशी मैत्री, सार्वजनिक सुव्यवस्था आणि या बाबतींत दखलपात्र गुन्ह्याला चिथावणी. यात अश्लीलता नाही! 'समाजविघातक' तर नाहीच नाही.

मग २०१५ साली काय झालं? अश्लील साइट बंद करा अशी एक याचिका सुप्रीम कोर्टात चालू होती. ३१ जुलैला दूरसंचार खात्याने ८५७ साइट बंद करायला सांगितल्या. आधार घेतला कलम ७९(३)(ब) चा, म्हणजे मधल्या कंपन्यांना (इंटरनेट पुरवणाऱ्या, दुसऱ्यांचा मजकूर दाखवणाऱ्या) जे कायद्याचं संरक्षण मिळतं त्याच्या अटींचा: सरकारने कळवूनही मजकूर काढला नाही तर संरक्षण जातं. यादीत कॉलेजह्यूमर नावाची विनोदी साइटही निघाली. ओरड झाली आणि चार-पाच दिवसांत आदेश मवाळ करावा लागला. लहान मुलांच्या शोषणाचा मजकूर नसेल तर साइट चालू ठेवा, असं सांगितलं. ते ठरवायचं कोणी? तर कंपन्यांनी!

ते ७९(३)(ब) लक्षात ठेवा. पुढे 'सहयोग' नावाचं सरकारी पोर्टल आलं, त्यावरून वेगवेगळ्या खात्यांचे अधिकारी मजकूर काढण्याच्या नोटिसा पाठवतात, तेही याच कलमाखाली. एक्स कंपनी त्याविरुद्ध कर्नाटक हायकोर्टात गेली आणि २४ सप्टेंबर २०२५ ला हरली. मुलांच्या नावाने उघडलेल्या दारातून पुढे कोण कोण आत आलं बघा.

गोदाकाठ

@काळा_कोट, म्हणजे कायद्यात अश्लीलता नाही म्हणून ती घालू नये? निवेदन त्यासाठीच तर असतं.

काळा_कोट

जरूर घाला. पण संसदेत चर्चा होऊन, व्याख्येसकट. त्याच कायद्यातलं '६६अ' आठवतंय का? 'त्रासदायक' मजकुराला तीन वर्षांपर्यंत शिक्षा. २०१२ मध्ये पालघरच्या दोन मुलींना फेसबुकच्या एका पोस्टवरून अटक झाली. एकीने लिहिलं होतं, दुसरीने नुसतं लाइक केलं होतं. २४ मार्च २०१५ ला सुप्रीम कोर्टाने ते कलमच रद्द केलं. मोघम शब्द पोलिसाच्या हाती गेला की असं होतं. 'समाजविघातक' हा 'त्रासदायक'चा मावसभाऊ आहे.

अजून एक. त्याच निकालात ६९अ मात्र टिकलं. का? तर त्यात लेखी कारण आणि सुनावणी आहे म्हणून. पण त्याच्या २००९ च्या नियमांमधला सोळावा नियम म्हणतो, तक्रारी आणि कारवाई गोपनीय ठेवा. तुमची साइट बंद झाली तर कारण कुठेतरी लिहिलेलं असतं, फक्त ते तुम्हाला दाखवत नाहीत.

पॅकेट_पाटील

मी नऊ वर्षं एका इंटरनेट कंपनीत नेटवर्क सांभाळलंय. (नाव विचारू नका.) आतून कसं दिसतं ते सांगतो.

आदेश येतो, सोबत पत्त्यांची यादी. आम्ही ती डीएनएसमध्ये टाकायचो. डीएनएस म्हणजे इंटरनेटची टेलिफोन डिरेक्टरी, तिच्यातलं नाव खोडायचं. ग्राहकाने दुसऱ्याची डिरेक्टरी वापरली की साइट पुन्हा चालू, सातवीतल्या पोराला जमतं. मग वरचा उपाय, जाणाऱ्या पाकिटावरचं नाव वाचून पाकीट टाकून द्यायचं. आता जवळपास सगळ्या साइट एचटीटीपीएसवर आहेत, म्हणजे पाकीट सीलबंद. आम्हाला साइटचं नाव दिसतं, आत कुठलं पान आहे ते दिसत नाही. म्हणजे एका पानासाठी आख्खी साइट बंद करायची किंवा काहीच नाही. २०१४ च्या डिसेंबरात असंच गिटहब (प्रोग्रामर लोक आपला कोड ठेवतात ती साइट) बंद झालं होतं. नाशिकमध्ये बसून बाहेरच्या कंपन्यांचं काम करणारी पोरं सकाळपासून फोन करत होती, "सर, कोड कुठे गेला?"

पान बघूनच गाळायचं असेल तर सील फोडावं लागतं. मग तुमचं बँकेचं पानही कोणीतरी मध्ये बसून वाचणार. 'सक्तीची गाळणी' म्हणताना लोकांना हे माहीत नसतं.

आणि रात्री अकराला यादी आली की ती तपासत कोणी बसत नाही. कॉपी, पेस्ट, चहा.

तर्री_वेगळी

शेवटच्या तीन शब्दांत भारतीय आयटीचा इतिहास.

जुना_ब्लॉगर

पाटीलसाहेब, त्या कॉपी-पेस्टखाली मी सापडलेला माणूस आहे.

जुलै २००६. मुंबईच्या लोकल गाड्यांत स्फोट झाले त्याच्या पुढच्या आठवड्यातली गोष्ट. माझा ब्लॉगस्पॉटवर ब्लॉग होता, नाशिकच्या जुन्या वाड्यांचे फोटो आणि चार-चार ओळी. तीस-चाळीस वाचक, त्यातले सहा नातेवाईक. कॉलेज रोडवरच्या कॅफेत तासाला वीस रुपये देऊन फोटो चढवायचो. एक दिवस पानच उघडेना. कॅफेवाला म्हणाला, तुमचंच काहीतरी चुकलंय. मी पासवर्ड बदलला, दुसऱ्या कॅफेत गेलो, काही नाही. नंतर पेपरात आलं. सरकारने मोजकी पानं बंद करायला सांगितली होती, कंपन्यांनी आख्खा ब्लॉगस्पॉट बंद केला होता.

काही दिवसांत चालू झाला, मान्य. पण त्या दिवसांत माझ्या डोक्यात काय चाललं होतं सांगू? मी जुन्या पोस्टी आठवत होतो. भद्रकालीतल्या एका वाड्याबद्दल लिहिलेलं कोणाला लागलं का? एका मशिदीच्या कमानीचा फोटो होता, तो चुकला का? चालू झाल्यावर मी तो फोटो काढून टाकला. कोणी सांगितलं नव्हतं! आजही आठवलं की स्वतःचाच राग येतो.

गोदाकाठ

वाईट वाटलं, मनापासून. पण वीस वर्षांपूर्वीचं आहे. चूक झाली, दुरुस्त झाली. नळाचं पाणी एक दिवस गढूळ आलं म्हणून धरण फोडत नाहीत.

टाक्याची_डॉक्टर

चुका जुन्या नाहीत हो. मी स्त्रीरोगतज्ज्ञ. ज्या रुग्णालयात जाते तिथल्या वायफायवर गाळणी आहे. गेल्या वर्षी ओपीडीत एका बाईंना स्तनाच्या गाठीची तपासणी घरी कशी करायची ते चित्रातून दाखवायचं होतं. पान उघडलं तर लाल पाटी: 'प्रौढ मजकूर'. बाई चाळिशीच्या, सिन्नरकडच्या, आधीच संकोचलेल्या. ती पाटी बघून त्यांनी पदर सावरला. त्यांना वाटलं आपणच काहीतरी भलतं विचारलं. शेवटी मी केसपेपरच्या मागे चित्र काढलं.

आयटीवाल्या मुलाला सांगितल्यावर त्याने पाच मिनिटांत ते पान सोडवलं. तो तळमजल्यावर बसतो म्हणून. दिल्लीत बसला असता तर?

मेलबर्नचा_नाशिककर

हा खेळ आम्ही इथे पाहिलाय, थोडं सविस्तर सांगतो.

२००७-०८ च्या सुमारास ऑस्ट्रेलियात मजूर पक्षाच्या सरकारने नेमकी हीच योजना आणली. मंत्री स्टीफन कॉनरॉय. सगळ्या कंपन्यांवर सक्तीची गाळणी, कारण मुलांची सुरक्षा, यादी गुप्त. विरोध केला की प्रश्न यायचा, तुम्ही मुलांचं शोषण करणाऱ्यांच्या बाजूचे का? २००९ च्या मार्चमध्ये इथल्या नियामकाची बंदी-यादी म्हणून एक यादी विकिलीक्सवर फुटली. तिच्यात क्वीन्सलँडच्या एका दातांच्या डॉक्टरची साइट होती! दात काढणारा डॉक्टर. यादी फुटली नसती तर तो आजही राउटर बंद-चालू करत बसला असता.

शेवटी २०१२ च्या नोव्हेंबरात सक्तीची योजना सोडून दिली. इंटरपोलची, फक्त मुलांच्या शोषणाच्या साइटची छोटी यादी तेवढी ठेवली. त्याला फारसा कोणाचा विरोध नव्हता, माझाही नाही. पण गंमत पुढेच आहे. २०१३ मध्ये आर्थिक फसवणुकीची एक साइट बंद करायला दुसऱ्याच एका सरकारी संस्थेने कंपन्यांना आयपी पत्ता दिला, त्या पत्त्यावर बाराशेच्या आसपास साइट नांदत होत्या. सगळ्या गेल्या, 'मेलबर्न फ्री युनिव्हर्सिटी'सकट. कारण काय ते त्यांना कोणी सांगेना.

आणि हेही सांगतो, नाहीतर एकांगी होईल. १० डिसेंबर २०२५ पासून इथे सोळा वर्षांखालच्या मुलांना बऱ्याच सोशल मीडियावर खातं ठेवता येत नाही. मोडलं तर दंड कंपनीला, पालकांना नाही. माझी तेरा वर्षांची पोरगी आठवडाभर माझ्याशी बोलली नाही आणि मला तो कायदा आवडलाय. सरकारने काहीच करू नये या मताचा मी नाही.

निव्वळ_वाचक

दातवाला बॅन म्हणजे 'दात दाखवून अवलक्षण'.

द्राक्षवाला

दिंडोरी तालुका. आम्हाला गाळणी-बिळणी समजत नाही, आम्ही आख्खा नळच बंद झालेला पाहिलाय.

ऑक्टोबर २०१६. तळेगावच्या घटनेनंतर (लहान मुलीवरच्या अत्याचाराची तक्रार) जिल्ह्यात वातावरण तापलेलं, मोबाइलचं नेट काही दिवस बंद. कशासाठी केलं ते कळतं, बसा जळत होत्या. पण आमची गोडी छाटणी होऊन बाग पोंग्यात (कोवळ्या फुटीत) होती आणि आभाळ भरून आलं होतं. द्राक्षवाल्याला विचारा, पोंग्यात आभाळ म्हणजे काय! पानावर डाग दिसला की फोटो काढून सल्लागाराला टाकायचा, तो सांगेल ते औषध संध्याकाळच्या आत मारायचं, हा आमचा रिवाज. नेट नाही. शेवटी पान प्लास्टिकच्या पिशवीत घातलं, पिशवीत हवा भरून गाठ मारली आणि मोटरसायकलवर पिंपळगाव. तिथे माझ्यासारखे अकरा जण उभे, प्रत्येकाच्या हातात पिशवीत पान. सल्लागार म्हणाला, लग्नाला आलात का विड्याची पानं घेऊन!

डाऊनीच होता, पानावरची बुरशी. एक दिवस उशीर झाला, दीड एकरात घड जिरले. भरपाई मागायची कोणाकडे?

आणि अफवा? तोंडी चालूच होत्या. उलट खरं काय ते बघायला काही साधन नव्हतं.

गोदाकाठ

दादा, नुकसान खरंच मोठं आहे. पण नेटबंदी वेगळी, गाळणी वेगळी. धागा भरकटतोय.

काळा_कोट

वेगळी आहे, पण प्रश्न तोच. २०१६ ला नेटबंदीसाठी स्वतंत्र नियमही नव्हते, ते २०१७ मध्ये आले. आणि बंदीचे आदेश प्रसिद्ध केलेच पाहिजेत हे सुप्रीम कोर्टाने १० जानेवारी २०२० ला सांगितलं, काश्मीरच्या प्रकरणात. आदेश हातात असला तर कोर्टात जाता येतं. नसला तर द्राक्षवाले दादा कशाविरुद्ध जाणार?

इतिहास_मास्तर

नाशिककरांनी हा विषय काढावा आणि १९०९ कोणाला आठवू नये?

बाबाराव सावरकरांना जन्मठेप काळ्या पाण्याची झाली ती कशाबद्दल? कविता छापल्याबद्दल. आपल्याच गावच्या कवी गोविंदांच्या कविता. मग २१ डिसेंबर १९०९ ला विजयानंद थिएटरात 'शारदा'चा प्रयोग, कलेक्टर जॅक्सनचा निरोप समारंभ आणि त्याच्यावर अनंत कान्हेरेंच्या गोळ्या. १९१० च्या फेब्रुवारीत सरकारने प्रेस ॲक्ट आणला. (त्याला नाशिकचं एकच कारण नव्हतं, पण तापलेल्या तव्यावर हे पाणी पडलं.)

त्या कायद्याची रचना बघा. नव्या छापखान्याने पाचशे ते दोन हजार रुपये अनामत ठेवायची. आक्षेपार्ह काही छापलं की अनामत जप्त. अनामत मालकाची, म्हणून सरकारच्या आधी मालकच कात्री घेऊन बसायचा. काळा_कोट यांनी मधल्या कंपन्यांचं संरक्षण काढून घेण्याचं जे कलम सांगितलं, ते वाचताना मला ही अनामत दिसली. कंपनी तुमच्या वाड्याच्या फोटोसाठी स्वतःची अनामत कशाला घालवेल?

हा कायदा १९२२ मध्ये रद्द झाला. पण तेव्हा निदान जप्तीचे हुकूम सरकारी गॅझेटमध्ये छापून यायचे.

तर्री_वेगळी

मास्तर, तासाला बसल्यासारखं वाटलं. मधली सुट्टी. इंदिरानगरात बरी मिसळ कुठे मिळते? काळ्या मसाल्याची, पापड वेगळा.

निव्वळ_वाचक

इंदिरानगरात कशाला, मखमलाबादकडे मळ्यात जा, चुलीवरची.

द्राक्षवाला

चुलीवरची म्हणतात आणि मागे गॅसची टाकी असते. यालाच समाजविघातक म्हणा.

*(यानंतरचे चार प्रतिसाद पक्षीय भांडणामुळे काढले आहेत. कृपया विषयाला धरून लिहा. – संपादक)*

पॅकेट_पाटील

संपादकांनी गाळलं, पण किती गाळलं आणि का ते लिहिलं. बघा, जमतं!

काळा_कोट

लाखात एक उदाहरण.

गोदाकाठ

सगळे हसताय म्हणून एक लिहिते. लिहिणार नव्हते.

तीन वर्षांपूर्वी माझ्या भाचीचे फोटो एका मुलाने कुठल्याशा साइटवर टाकले. चेहरा तिचा, बाकी जोडलेलं. ती तेव्हा एकोणीस वर्षांची. रात्री दोन वाजता आम्ही तिघी जमिनीवर बसून एकेक लिंक कागदावर उतरवत होतो, कारण पोलिसांना लिंक हव्या असतात. एक साइट चोवीस तासांत काढते, दुसरी उत्तरच देत नाही. तिचा मालक कुठल्या देशात आहे तेही कळत नाही. तेव्हा मला वाटलं होतं, दिल्लीत एक बटण असावं, दाबलं की सगळं बंद. दातवाल्याची साइट गेली तरी चालेल. आजही तसंच वाटतं. तुमच्या सगळ्यांकडे गमावण्यासारखा ब्लॉग आहे, म्हणून तुम्हाला दातवाला आठवतो.

जुना_ब्लॉगर

गोदाकाठ, मघाशी तुम्ही माझ्यासाठी वाईट वाटलं म्हणालात, आता माझी पाळी. तुमच्या भाचीचं दुखणं माझ्या फोटोपेक्षा मोठं आहे, त्यात वाद नाही.

टाक्याची_डॉक्टर

गोदाकाठ, भाचीला माझ्याकडून जवळ घ्या.

पण तुम्ही त्या रात्री जे मागत होतात ते बटण नव्हतं. तुमच्याकडे ठरावीक लिंक होत्या, तक्रारदार होती, गुन्हा होता. कोणीतरी फोन उचलायला हवा होता. २०२१ च्या नियमांत अशा फोटोंसाठी चोवीस तासांची मुदत होतीच, ती पाळून घेणारं कोणी नव्हतं. सरसकट गाळणी त्या रात्री दुसऱ्या साइटला ओळखलीच नसती, आणि ओपीडीतल्या बाईंना मात्र अडवलं असतं.

गोदाकाठ

असेल. मला दोन्ही हवंय.

इंदिरानगरची_आई

सगळं वाचलं, दोनदा. बाबांनाही वाचून दाखवलं. कॉपी-पेस्ट-चहावर ते हसले आणि गोदाकाठ यांच्या प्रतिसादानंतर उठून गॅलरीत गेले.

रात्री आम्ही निवेदन नव्याने लिहिलं. बाबांनी छापखान्यातल्या सवयीने लाल पेन्सिल घेतली आणि 'समाजविघातक'वर काट मारली. मागण्या आता अशा: मुलांच्या शोषणाच्या मजकुराची यादी कसोशीने बंद करा. बाकी गाळणी प्रत्येक कंपनीने फुकट द्यावी, फोनवरच्या इंटरनेटलाही, आणि ती एका मिस्ड कॉलने चालू-बंद व्हावी (ही अंबडच्या ताईंसाठी). साइट बंद केली तर कोणी, का आणि दाद कुठे मागायची ते त्या पानावर मराठीत लिहावं. आणि फोटोंच्या तक्रारीला पोलीस ठाण्यात रात्रीही माणूस असावा. सेक्रेटरी म्हणाले, फार लांबलं, आमदार एका पानाच्या पुढे वाचत नाहीत. अक्षर बारीक करून एका पानात बसवलंय. सही केली. सव्वीसपैकी एकोणीस जणांनी पुन्हा केली, बाकीचे म्हणाले, जुनंच बरं होतं.

पाटीलसाहेब, तोवर घरी काय करू?

पॅकेट_पाटील

राउटरच्या सेटिंगमध्ये डीएनएसच्या जागी १.१.१.३ टाका, दुसऱ्या रकान्यात १.०.०.३. क्लाउडफ्लेअरची घरगुती गाळणी आहे, फुकट. २०२० मध्ये सुरू केली तेव्हा त्यांनीही समलिंगी लोकांच्या माहितीच्या साइट चुकून गाळल्या होत्या. लोकांनी दाखवल्यावर लगेच चूक कबूल करून सोडवल्या. टॅबवर जाहिरात रोखणारं काहीतरी टाका, तुमचा घोळ तिथूनच झालाय.

इंदिरानगरची_आई

केलं. लेकाला सांगूनच केलं, काय आणि कशासाठी. तो म्हणाला, "पण आई, शेजारच्या काकांचं वायफाय इथवर येतं. पासवर्ड बिल्डिंगचं नाव आणि १२३ आहे."

तर्री_वेगळी

काकांनी निवेदनावर सही केलीय का?

इंदिरानगरची_आई

काकाच सेक्रेटरी.